बेटावर दोघंच

कानवाल्याला कुणी विचारलं असतं, की बाबा रे, तू जगात सगळ्यात जास्त कशाला घाबरतोस, तर त्याने आगीचं नाव घेतलं नसतं, सापाचं घेतलं नसतं, आणि बायको समोर नसेल तर तिचंही घेतलं नसतं. तो घाबरायचा आईच्या 'बरं'ला. आई चिडली तर चार शब्द सुनवायची, एखादं भांडं आपटायची आणि मोकळी व्हायची. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. पण तिच्या मनाला काही लागलं, की ती नुसतं "हो का? बरं," म्हणायची आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसायची. मग दोन-दोन दिवस घरात मोठ्याने हसायची सोय नसायची. चांगला पन्नाशीला टेकलेला बाप्या, पण त्या एका शब्दापुढे शेपूट आत.

कानवाला हे त्याला गल्लीने दिलेलं नाव. बाजारातल्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्याचं कान तपासून मशीन बसवून देण्याचं छोटं सेंटर होतं. म्हातारी माणसं मुलांचा हात धरून, "काय म्हणालास? काय म्हणालास?" करत त्याचा जिना चढायची आणि उतरताना रस्त्यावरच्या हॉर्नला शिव्या घालत उतरायची. शिव्या ऐकू आल्या की कानवाला समजायचा, काम फत्ते.

आईच्या दोन्ही कानांत मशीन त्यानेच बसवली होती, आणि जीव ओतून बसवली होती. दर रविवारी सकाळी चहा झाला की आई दोन्ही मशीन काढून त्याच्या तळहातावर ठेवायची. तो बारीक ब्रशने मळ काढायचा, नळ्या पुसायचा, लॅपटॉपला जोडून आवाज तपासायचा आणि मग आपल्याच हाताने ती तिच्या कानांमागे अडकवायचा. "हं, आता बोल," आई म्हणायची. तो काहीतरी वेडंवाकडं बोलायचा आणि ती हसायची. बाकी आठवडाभर दोघांना एकमेकांशी बोलायला धड वेळ नसायचा, पण रविवारचा हा कार्यक्रम चुकायचा नाही.

आईला ऐकू येणं गरजेचंच होतं, कारण ती शहरातल्या हौशी नाटकमंडळाची प्रॉम्प्टर होती. तरुणपणापासून विंगेत स्टुलावर बसायची, मांडीवर नाटकाची वही, नाकावर चष्मा. तिला स्टेजवर कुणी कधी पाहिलं नव्हतं आणि तिच्याशिवाय पडदा वर जात नव्हता. ती सांगायची, नट दोनच कारणांनी थांबतो. एक तर थांबायचं ठरलंय म्हणून, नाहीतर पुढचं आठवत नाही म्हणून. पहिल्या वेळी वाक्य पुरवलं तर तो तुम्हाला खाऊ की गिळू करतो, आणि दुसऱ्या वेळी नाही पुरवलं तर तिथेच मरतो. ओळखायचं श्वासावरून. विसरलेला माणूस श्वास अर्धवट घेतो, आणि आईला तो विंगेतून ऐकू यायचा.

राहिली बायको. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि पोरं तिला पाठीमागे 'ज्वालामुखी बाई' म्हणायची. एक कारण ज्वालामुखीचा धडा; दुसरं तिच्या वर्गात बसला असतात तर कळलं असतं. दरवर्षी ती फळ्यावर रंगीत खडूंनी ज्वालामुखीचा उभा छेद काढायची, खाली लाल, मध्ये नळी, वर धुराचे भपकारे. आणि दरवर्षी एक तरी कार्टं हात वर करून विचारायचं, "बाई, तुम्ही खरा पाहिलाय?" "चित्रात," ती म्हणायची. या वर्षी ते कार्टं पुढे म्हणालं, "मग बाई, आमच्यासारखंच की!" त्या दिवशी ती घरी आली ती पर्स न ठेवताच म्हणाली, "उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ज्वालामुखी बघणार. तू येणार आहेस. आणि आपण दोघंच जाणार."

'दोघंच' हा शब्द तिने असा काही उच्चारला, की कानवाल्याने आधी आईच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

त्याला कारण होतं. लग्न झाल्यापासून ती दोघं एकटी कुठे गेलीच नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीला आई सोबत होती. खिडकीची जागाही आईकडेच होती. घरातले सहलींचे फोटो काढून बघितले तर नवरा-बायकोचा एकत्र एकही फोटो सापडायचा नाही. तो काढायचा तेव्हा फोटोत आई आणि बायको, बायको काढायची तेव्हा आई आणि तो. आईला कॅमेरा जमायचा नाही. बरं, फोटोचं एक वेळ सोडा. कुठे चढण आली, की आई गुडघ्याला हात लावून म्हणायची, "तुम्ही जा, मी बसते खाली." की हा लगेच, "छे, तू एकटी कशी बसशील?" मग हा खाली आईजवळ बसायचा आणि बायको एकटी वर जायची, एकटीच बघायची, एकटीच उतरायची. धबधबे, किल्ले, दीपस्तंभ, सगळं तिने एकटीने पाहिलं होतं. नवऱ्यासोबत सहलीला जाऊन.

"यावेळी मला वर पोचल्यावर शेजारी कुणीतरी हवंय," बायको म्हणाली. "मला काही अगदी हात धरून गाणी म्हणायची नाहीत. पण 'बघ' म्हणायला तरी माणूस लागतं ना रे?"

तो म्हणाला, "आईला मी सांगतो." आणि तिथून पुढे गडी मूग गिळून बसला.

बेट ठरलं. विषुववृत्ताजवळचं, लहानसं, मधोमध धुमसता डोंगर आणि किनाऱ्यावर काळी वाळू. डोंगराच्या पायथ्याच्या गावात पत्र्याच्या छपराची एक खोली बायकोने शोधून काढली. तिच्या व्हरांड्यातून धूर दिसायचा म्हणे. वाटाड्या मिळतो, अंधार असतानाच चढायला सुरुवात करायची, वाटेत नेच्यांचं जंगल, वर गंधकाचा वास, उतरताना गरम पाण्याचे झरे. डोंगरावर नजर ठेवणारी तिथली वेधशाळा रोज त्याचा रंग जाहीर करायची. हिरवा म्हणजे झोपलाय, पिवळा म्हणजे कुरकुरतोय पण चढता येईल, नारिंगी म्हणजे घरी बसा. बायको रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर फोन उघडून आनंदाने सांगायची, "आज पिवळा आहे!" एरवी परीक्षेचे पेपर तपासून वैतागलेली बाई, तिचा चेहरा त्या पिवळ्याने उजळायचा.

आता गंमत बघा. जेवणाच्या टेबलापासून आईची खोली हाकेच्या अंतरावर, आणि आईच्या कानांत शहरातल्या सगळ्यात कसबी माणसाने लावलेली मशीन. तिसऱ्याच संध्याकाळी खोलीतून आवाज आला, "अरे, तिकडे थंडी असते का रे? स्वेटर काढून ठेवायला हवेत."

कानवाल्याने हातातला घास ताटात टाकला. "शाळेतला धडा चाललाय, आई!" तो ओरडला. बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, की ती डोंगर असती तर वेधशाळेने नारिंगी लावला असता. "आता सांग," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आत्ता जा आणि सांग."

"रविवारी सांगतो," तो म्हणाला.

आणि रविवारी त्याने काय केलं? नेहमीप्रमाणे मळ काढला, नळ्या पुसल्या, मशीन लॅपटॉपला जोडली. समोर पडद्यावर आईच्या कानांना किती आवाज पोचतो त्याच्या रेघा होत्या, त्यानेच घासून-पुसून बरोब्बर जागी आणलेल्या. जीभ रेटेना. आई चहाचा कप हातात घेऊन समोर बसली होती, मशीनशिवाय, नुसती त्याच्या तोंडाकडे बघत. त्याने रेघा थोड्याशा खाली ओढल्या. फार नाही हो, टेबलावरचं बोलणं तिच्या खोलीपर्यंत पोचू नये इतक्याच. तिकिटं निघेपर्यंत. मग वर करू आणि सांगून टाकू. माणूस स्वतःला किती पटकन पटवतो बघा!

"हं, आता बोल," आई म्हणाली.

तो बोलला. ती हसली नाही. "आज जरा लांबून येतंय रे."

"सेटिंग नवीन केलंय. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो," तो म्हणाला. हे वाक्य तो सेंटरमध्ये दिवसातून कितीदा तरी म्हणायचा आणि ते खरंच असायचं. आईने मान डोलावली. दुसऱ्या कुणाचं तिने ऐकलं नसतं, याचं ऐकलं.

पुढचे दिवस बेटाच्या बाबतीत फार सुखाचे गेले. तिकिटं निघाली, खोली ठरली, वाटाड्या ठरला. आईच्या मंडळाच्या नाटकाचा प्रयोग होता त्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. टेबलावर नकाशा पसरून दोघं बिनधास्त बोलायची आणि आईच्या खोलीतून हू की चू नाही. बायको मधूनच विचारायची, "सांगितलंस?" "सांगतो गं." मग एकदा तिने वेगळंच विचारलं. "अरे, आईंना हल्ली कमी ऐकू येतंय का? आज दूध उतू जाऊन गॅसभर झालं, त्या शेजारच्या खोलीत होत्या, त्यांना पत्ताच नाही."

"वय आहे," कानवाला म्हणाला. म्हणाला आणि मान खाली घालून नकाशावरची काळी वाळू बघत बसला.

त्याचं मन त्याला खायला लागलं ते इथून. रेघा वर करायला एक रविवार पुरेसा होता, पण एकदम वर केल्या तर आईला फरक कळणार, आणि कळला तर ती विचारणार. हळूहळू वर नेऊ म्हणत म्हणत तो रविवारी पडदा उघडायचा आणि बंद करायचा. तिकडे परगावी शिकणाऱ्या नातीचा, कानवाल्याच्या भाचीचा, फोन आला, तेव्हा आईने फोन त्याच्याकडे दिला. "तूच बोल. काय म्हणाली ते मला मागून सांग." एरवी आजी-नातीच्या त्या फोनला अंत नसायचा.

आणि ते हसू. सेंटरमध्ये रोज दिसणारं हसू होतं ते. ज्यांना ऐकू आलेलं नसतं आणि पुन्हा विचारायची लाज वाटते, ती माणसं बोलणाऱ्याकडे बघून हसतात, थोडं उशिरा, थोडं जास्त. कानवाला नवीन पेशंटच्या मुलांना सांगायचा, असं हसताना दिसले की समजा, तुमचं वाक्य वाया गेलं. एका संध्याकाळी बायकोने शाळेतला काहीतरी किस्सा सांगितला आणि आई तसं हसली. त्याला जेवण गेलं नाही. पोट बिघडलंय म्हणून तो उठला.

त्या आठवड्यात तालमीहून तिला आणायला तो लवकर गेला. हॉल रिकामा, समोर चार खुर्च्यांचा दिवाणखाना मांडलेला. औषधांचं दुकान चालवणारा गृहस्थ नाटकात बाप झाला होता आणि मुलीला घराबाहेर काढायच्या प्रवेशात प्रेक्षकांकडे पाठ करून उभा होता. "या घराचा दरवाजा..." तो म्हणाला आणि थांबला. कानवाल्याला वाटलं, काय अभिनय करतो लेकाचा! पण औषधवाल्याच्या मानेवरचे स्नायू ताठले. मग हाताची बोटं हलायला लागली. मुलगी झालेली पोरगी विंगेकडे बघू लागली. विंगेत आई स्टुलावर बसली होती, बोट ओळीवर, ओठ तयार, डोळे औषधवाल्याच्या पाठीवर, आणि चेहऱ्यावर असं काही कष्टाने ऐकणं, की बघवेना. तिला तो थांबल्याचंच कळलं नव्हतं. ती अजून त्याचं वाक्य यायची वाट बघत होती.

शेवटी नाटक बसवणारे मास्तर खुर्चीतून म्हणाले, "चला, मागून घेऊ." आवाजात अजिबात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. औषधवाल्यानेही चूक आपल्या अंगावर घेऊन दोन विनोद केले. आई उशिरा, जास्त हसली.

गाडीत ती मांडीवरच्या वहीची पानं उलटत राहिली. घर आल्यावर गाडीचं दार उघडता उघडता म्हणाली, "श्वास येत नाही रे आता. शब्द येतात कधीकधी, श्वास नाही येत."

कानवाल्याने तोंड उघडलं. सांगायचं सगळं जिभेवर आलं होतं. मग तो म्हणाला, "रविवारी बघतो मशीन." आणि खाली उतरून तिच्या बाजूचं दार धरून उभा राहिला. मेला दार धरायला बरोबर हजर!

रविवारी त्याने रेघा आधी होत्या तिथे नेऊन ठेवल्या. "नळीत मळ अडकला होता," तो म्हणाला, "काढला. आता बोलतोय बघ, येतंय?"

"येतंय," आई म्हणाली. "छान येतंय." पण तिने बाहेर कान दिला नाही, रेडिओ लावला नाही, काही नाही. कपबशी उचलत ती म्हणाली, "आज चांगला दिवस आहे. असेच असणार आता, चार चांगले आणि चार वाईट."

"नाही आई, आता चांगलंच राहील."

"तू मुलगा आहेस, तू असंच म्हणणार," ती म्हणाली आणि त्याच्या गालावर हात ठेवला.

मशीन ठीक झाली होती, आणि आईचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास मात्र गेला होता. तो कुठल्या लॅपटॉपवर वर करायचा? कानवाला आठवडाभर सेंटरमध्ये लोकांचे कान तपासत होता आणि स्वतःला शिव्या देत होता.

प्रयोग जवळ आला. एका संध्याकाळी जेवताना आईने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "दोन गोष्टी सांगायच्यात. मध्ये बोलू नका, माझा धागा तुटतो."

बायकोने वाढायचा डाव खाली ठेवला.

"एक म्हणजे, मास्तरांना मी उद्या सांगणार आहे. प्रयोगाला त्यांनी दुसरं कुणी बघावं. एक हुशार पोरगी आहे मंडळात, तिला मी वही देऊन टाकते. भर प्रयोगात तो औषधवाला उघडा पडला तर मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही." तिने पेला ताटाजवळ सरकवला. "दुसरं, तुम्ही दोघं कुठेतरी जाऊन या. सुट्टी आहे, हवं तिथे जा. मला नेऊ नका. माझ्याशी सारखं ओरडून बोलावं लागतं, तुम्ही दमता, मला दिसतं ते. आयुष्यभर तुमच्या मध्ये बसले मी. आता या कानांनी तरी तुम्हाला मोकळं करू दे."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, असं काय बोलता? आम्ही कुठेही जात नाही. नाही जायचं मला. तिकिटं रद्द करू."

"तिकिटं काढलीत?" आई म्हणाली. आणि तिचा चेहरा खरोखर खुलला. "बघा! किती छान केलंत."

आता सांगा, याहून मोठी शिक्षा कुठली? जे त्याने चोरून घेतलं होतं ते ती आपल्या हाताने वाढत होती. तो गप्प बसला असता तर सगळं जमलं होतं. बेट होतं, बायको होती, आईचा आशीर्वाद होता. फक्त आईचं स्टूल जाणार होतं, कायमचं. कानवाल्याने ताट बाजूला सारलं.

"आई, तुझे कान ठीक आहेत."

"असू दे रे."

"असू दे नाही. आवाज मी कमी केला होता. मुद्दाम. लॅपटॉपवरून. आम्ही बेटाचं बोलायचो ते तुला ऐकू जाऊ नये म्हणून. त्या दिवशी तालमीत तुला ऐकू आलं नाही, ते माझ्यामुळे. मळबीळ काही नव्हता. परवाच्या रविवारी मी पुन्हा वर केला. आता तुला येतंय ते सगळं खरं आहे. तुला काही झालेलं नाही."

तो वाट बघत होता त्या 'हो का? बरं'ची. ते आलं नाही. आईने टेबलाची कड धरली आणि अगदी हळू विचारलं, "म्हणजे औषधवाला थांबला, तेव्हा मला ऐकू यायला हवं होतं?"

"हो."

"माझं चुकलं नव्हतं?"

"नाही गं. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

आईने डोळे मिटले आणि तिचा असा काही सुस्कारा बाहेर पडला, की जणू इतके दिवस कुणी छातीवर बसलं होतं. ती चक्क हसली. पदराने डोळे पुसले, पुन्हा हसली. ते हसू बघून कानवाल्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती रागावेल याची त्याने तयारी केली होती. ती सुटकेने रडेल याची नव्हती.

राग आधी बायकोला आला. "मला म्हणालास वय आहे," ती म्हणाली. "माझ्या तोंडावर! आणि खबरदार हे माझ्यासाठी केलं म्हणालास तर. मी तुला एक वाक्य बोलायला सांगितलं होतं." ती उठली आणि आपली खुर्ची उचलून आईच्या बाजूला जाऊन बसली.

आईचा राग मागून आला, आणि आवाज न चढवता आला.

"मला तुमच्यासोबत यायला आवडायचं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? तू 'आई, यावेळी आम्ही दोघंच जातो' म्हणाला असतास, तर मला वाईट वाटलं असतं. दोन दिवस मी धड बोलले नसते. तिसऱ्या दिवशी तुमच्या बॅगा भरायला मीच बसले असते. माझे दोन दिवस तुला सोसले नसते, म्हणून तू माझे कान काढून घेतलेस होय रे? मी रात्री पडल्या पडल्या विचार करायचे, आता उरलेलं आयुष्य असंच, लोकांच्या तोंडाकडे बघत. आणि सकाळी तूच मला म्हणायचास, सवय होईल."

कानवाला रडला. पन्नाशीचा माणूस, ताटासमोर बसून रडला. आईने त्याला रडू दिलं. जवळ घेतलं नाही.

मग तिने मास्तरांना फोन लावला, दोघांसमोर. "मास्तर, माझ्या मशीनमध्ये बिघाड होता. हो, नीट झाली. हो हो, घरातच कानवाला आहे, मला कसली काळजी! प्रयोगाला मीच बसते." फोन ठेवताना तिने मुलाकडे पाहिलं नाही. त्याचं नाव चारचौघांत जाऊ नये म्हणून ती खोटं बोलली होती, आणि तिला खोटं बोलायला अजिबात आवडत नाही हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"तिकिटं रद्द करायची नाहीत," ती बायकोला म्हणाली. "तुझा काय दोष? तू बघ तुझा डोंगर. आणि याला वरपर्यंत ने, मध्ये कुठे बसू देऊ नकोस."

दोन दिवसांनी सकाळी ती साडी बदलून दारात उभी राहिली. "मला पुलापलीकडच्या सेंटरला सोड."

"कुठल्या?"

"कानाच्या. वेळ घेतलीय मी."

"आई, मशीन एकदम व्यवस्थित आहे. पाहिजे तर तुझ्यासमोर पुन्हा..."

"असेल व्यवस्थित. मला ते दुसऱ्या कुणाकडून कळू दे," आई म्हणाली. "तू मुलगा राहा. कानांचं दुसरं कुणी बघेल."

कानवाला आयुष्यात प्रथमच त्या बाजूच्या बाकावर बसला, नातेवाइकांच्या. शेजारी एक बाई आपल्या वडिलांच्या कानाशी ओरडत होती. थोड्या वेळाने पांढरा कोट घातलेली मुलगी बाहेर आली. "आजींसोबत कोण आहे?" तो पटकन उठला. "मी. मुलगा." "तुम्ही बसा," ती म्हणाली, "त्यांना एकट्यांनाच आत यायचंय." दार बंद झालं. आत काय चाललंय ते त्याला न बघता दिसत होतं. आता हेडफोन लावले असतील, आता बारीक शिट्टी सोडली असेल, ऐकू आली की बटण दाबायचं. तो मांडीवर हात ठेवून बसून राहिला.

दार उघडलं तेव्हा मुलगी आईचा हात धरून हसत होती. "आजी, काळजीचं काही कारणच नाही. मशीन फार सुंदर लावलीत कुणीतरी, मला काही हलवावंच लागलं नाही. कुणाकडे जात होतात?"

"होते एक," आई म्हणाली.

"मग आता पुढच्या तपासणीला?"

"इथेच येईन. दर महिन्याला," आई म्हणाली आणि पर्स काखेत मारून जिन्याकडे वळली.

तो तिच्या मागे निघाला. जिना अरुंद होता आणि पायऱ्या उंच होत्या. ती एका हाताने कठडा धरून उतरत होती. मागून, अगदी हळू, तो म्हणाला, "आई, सावकाश."

तिला ऐकू आलं होतं. ऐकू आलेल्या माणसाची मान किंचित कशी थांबते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती मान थांबली. मग आई मागे न बघता, एकेक पायरी, खाली उतरत राहिली.